ल्युदा मावशीची सही

किवीच्या फळावर बारीक लव असते. हातमोजे घातले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, डोक्याला जाळी बांधली, तरी ती उडून मानेवर बसतेच. दुपारपर्यंत मान लाल होते. संध्याकाळी आंघोळ केली तरी उशीला टेकताना पुन्हा टोचते. गेल्या आठवड्यात पॅकहाऊसमधून, म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरायच्या शेडमधून, मेसेज आला, सीझन सुरू होतोय, येणार का, आणि तो वाचता वाचता माझा हात आपोआप मानेकडे गेला.

मार्च संपत आला की न्यूझीलंडमधल्या आमच्या 'ते पुके' गावात सकाळी धुकं उतरतं. वारा अडवायला लावलेल्या उंच झाडांच्या भिंती त्यात अर्ध्या बुडतात, आणि त्यांच्या आडचे किवीचे मांडव, आपल्याकडे द्राक्षांचे असतात तसेच, दिसेनासे होतात. पाऊस आला तर तोडणी बंद. ओलं फळ कोणी तोडत नाही. मग पॅकहाऊसचा फळं वाहणारा पट्टाही थांबतो आणि सगळे डबे उघडून आकाशाकडे बघत बसतात. आई सात वर्षं हा सीझन करते आहे. बाबा त्याच पॅकहाऊसच्या शीतगृहातली यंत्रं सांभाळतात. मी सोमवार ते गुरुवार हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत असते आणि शुक्रवार ते रविवार आईशेजारी पट्ट्यावर.

आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. हे लिहिताना मला अजून संकोच वाटतो, कुणी म्हणेल, त्यात काय एवढं. पण आई दहावी, बाबांचं आयटीआय. युनिव्हर्सिटीत काय चालतं ते मी त्यांना समजावून सांगते, आणि सांगताना लक्षात येतं की मलाही ते पुरतं समजलेलं नाही. इथे एका विषयाला पेपर म्हणतात. पहिल्या वर्षी आईला वाटायचं, मी रोज परीक्षाच देते. "किती पेपर घेतात गं पोरीचे!" असं ती चाळीसगावला फोनवर कळवळून सांगायची. शिक्षकांना इथे नावाने हाक मारतात. इतिहास शिकवणाऱ्या हेलन यांच्यासमोर माझ्या तोंडून हेलन काही निघत नाही, मॅमच निघतं. त्या दर वेळी हसून म्हणतात, "नुसतं हेलन चालेल." मी मान डोलावते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मॅम म्हणते.

मला गेल्या वर्षीच्या सीझनबद्दल लिहायचं आहे. तो आठवला की अजूनही माझं हातातलं काम थांबतं.

एखादं मोठं राज्य मोडल्यावर रोजच्या वस्तू लोकांपर्यंत कशा पोहोचतात, असा हेलनचा पेपर होता. निबंधासाठी त्यांनी विषयांची यादी दिली. त्यात साखर होती, जीन्स होत्या, औषधं होती. आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथल्या देशांत व्हिडिओ गेम कसे पोहोचले, असाही एक विषय होता. मी तो उचलला. कारण सांगायला जरा लाज वाटते. त्या अख्ख्या यादीत आमच्या घरातली म्हणता येईल अशी तेवढी एकच गोष्ट होती.

चाळीसगावला बाबांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. पुढच्या काचेच्या कपाटात टीव्ही गेम विकायला ठेवलेले असत. राखाडी डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही तर बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, आणि तिच्या पोटातला धुळीचा कुबट वास उलटा आपल्याच नाकात यायचा. बाबा सोल्डर करत असत, त्याचा निळा धूर सकाळच्या उदबत्तीच्या धुरात मिसळे. त्या वासात गेमची टिंग-टिंग चालू. सातवी होईपर्यंत, म्हणजे आम्ही न्यूझीलंडला येईपर्यंत, माझ्या दुपारी तिथेच गेल्या. आता हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात ज्या पुण्याच्या काका-काकूंकडे मी खोली घेऊन राहते त्यांच्या हॉलमध्ये नवाकोरा गेम आहे. त्यातल्या माणसांच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. मी कौतुक करते. पण टीव्ही गेम म्हटलं की मला ती फुंकरच आठवते.

पहिला धक्का ग्रंथालयात बसला. आमच्या कपाटातला तो राखाडी डबा मी एवढी वर्षं ओरिजिनल समजत होते. ती एका जपानी यंत्राची नक्कल होती. तशाच नकला मॉस्कोतल्या एका कंपनीने पूर्वेकडच्या कारखान्यांतून मागवल्या होत्या, त्यांवर आपलं नाव लावलं होतं, टीव्हीवर जाहिराती केल्या होत्या. तिथल्या मुलांना तेच नाव अस्सल वाटलं. मूळ यंत्र कुणी पाहिलंच नव्हतं, मग नक्कल कशी ओळखणार? मी वाचत होते आणि माझे कान तापत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला कितीतरी मुलं अगदी माझ्यासारखी फसली होती, आणि माझ्याइतकीच सुखात होती. हसावं की वाईट वाटून घ्यावं, ते कळेना.

पण पुस्तकं मोठ्या शहरांपाशीच थांबत होती. माझ्या पहिल्या टिपणावर हेलननी पेन्सिलने लिहिलं, "आणि त्यापलीकडे? तिथे माल कोण नेत होतं?" एका पुस्तकात एवढंच सापडलं की छोटे व्यापारी सीमेपलीकडून पिशव्यांतून माल आणत. कोण हे छोटे व्यापारी, कसे दिसत, पिशव्यांत आणखी काय असे, कुठेच काही नाही. मी त्या एका वाक्याकडे दोन आठवडे बघत होते.

आणि तो छोटा व्यापारी पॅकहाऊसमध्ये माझ्या डाव्या हाताला उभा होता.

ल्युदमिला. साठीच्या पुढची, रुंद खांद्यांची, कझाकस्तानातल्या अल्माटी शहराची. मुलगी ऑकलंडला न्यू लिनमध्ये राहते, तिच्या मागे ही इथे आली आणि सीझनपुरती ते पुकेत येते. आई तिला ल्युदा म्हणायची. आईची मैत्रीण म्हणून मी पहिल्याच दिवशी मावशी म्हटलं. तिने विचारलं, मावशी म्हणजे काय? "आईची बहीण," मी म्हटलं. तिने स्वतःच्या गोऱ्या, तांबूस हाताकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हो, दिसतंच आहे." आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण ती एवढी हसली की तिच्या हातून डाग पडलेली चार फळं पुढे गेली. अश्विनी हे नाव मावशीला लांब पडायचं. तिने मला आस्या केलं. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले, तिचंही मोडकं, माझंही घाबरट. इथे ते मराठीत लिहिते आहे, आणि मावशीला जसं आपण अगं-तुगं करतो तसंच करते आहे.

पट्ट्यावर बोलता येत नाही. कानात बोळे असतात, यंत्रांची घरघर असते, फळं रुळांवरून लोळत येत राहतात. डागाळलेलं, मऊ पडलेलं, जोडफळ दिसलं की उचलायचं. बोलायचं ते सुट्टीत. सकाळच्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात, कुणी सिगारेट ओढो न ओढो. त्या दिवशी स्मोकोला मी पुस्तक उघडून बसले होते. पानावर त्या राखाडी डब्याचा फोटो होता. मावशी उकडलेलं अंडं सोलत होती. ती वाकली.

"हा अभ्यास आहे?"

"हो."

"युनिव्हर्सिटीत हे शिकवतात?"

"शिकवतात, मावशी."

तिने अंड्याला मीठ लावलं. "हे मी आणलेत," ती म्हणाली. "चीनमधून. पाठीवर."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि अंडं खाल्लं.

ती शाळेत फिजिक्स शिकवायची. हे ऐकून मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तीन आठवडे शेजारी उभी राहून मी तिच्याबद्दल एवढंच जाणत होते की तिला हिरव्यापेक्षा सोनेरी किवी आवडतं. देश मोडल्यावर शिक्षकांना महिनोन्महिने पगार मिळेना. एकदा पगाराच्या ऐवजी मोजे दिले. मग शाळेला सुट्टी लागली की ती बसने सीमा ओलांडून चीनमधल्या उरुम्चीच्या बाजारात जाऊ लागली. चौकडीच्या मोठ्या पिशव्या घेऊन. टीव्ही गेमची खोकी तिथेच मोडून सपाट करायची, कारण खोकी जागा खातात. यंत्र जाकिटांच्या बाह्यांत गुंडाळायचं, कॅसेटी बुटांत भरायच्या. घरी आल्यावर खोकी पुन्हा उभी करायची, जणू कारखान्यातून थेट आली आहेत. विकत घेण्याआधी ती खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून मागचं झाकण उघडायची आणि सोल्डर तपासायची. बाजारातले लोक तिला दुरून बघून कपाळाला हात लावत, म्हणे.

"मुलांच्या खेळण्यासाठी शिक्षिका?" मी विचारलं. प्रश्न किती बावळट होता ते आता कळतं.

"मग कोण आणणार होतं, आस्या? जपानहून विमान येणार होतं?"

दुसऱ्या दिवशी बाबा चहा घेऊन आमच्या टेबलावर आले. मावशी मला सांगत होती की एवढं करून आणलेल्या गेमचं चित्र तिथल्या टीव्हीवर काळं-पांढरं दिसायचं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"येणारच! त्यांच्याकडे रंगाची पद्धत वेगळी. सेकाम. चीनचा डबा आपल्यासारखा, पाल."

मावशीला मराठीतले दोनच शब्द कळले. तिने टेबलावर थाप मारली. "पाल! सेकाम! डिकोडर!"

"डिकोडर!" बाबा ओरडले. "मधे बोर्ड बसवला असेल. विचार तिला, कुठे बसवला?"

विचारायची गरजच पडली नाही. दोघं हात पुसायच्या कागदावर पेनाने रेघा मारू लागले. माझे बाबा एवढ्या वर्षांत इथल्या कुणाशी "स्वीट ॲज", म्हणजे "मस्त, चालेल", याच्या पुढे बोललेले मी ऐकले नव्हते. ते कझाकस्तानातल्या एका बाईला चाळीसगावच्या टीव्हींबद्दल खुणांनी सांगत होते आणि तिला ते कळत होतं. मग बाबांनी बोटाने हवेत चार वेळा नऊ काढला. कॅसेटींवर तसं छापलेलं असे, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. मावशीने लगेच चार बोटं वर केली. तेवढेच निघत, बाकी तेच पुन्हा पुन्हा. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"काय झालं यांना?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"हसा तुम्ही," आई बाबांना म्हणाली. "चारच खेळ निघाले म्हणून गिऱ्हाईक भांडायला यायचं तेव्हा तुम्ही मागच्या दाराने जेवायला जायचात. तोंड मी द्यायचे."

तो महिना असा गेला. सोनेरी किवी संपून हिरवं सुरू झालं. सकाळी धुक्यात गाडीच्या काचा पुसायच्या, दहा वाजता मावशीचं ऐकायचं, घरी येऊन सगळं लिहून काढायचं. हॅमिल्टनला जाताना बसमध्ये मला वाटायचं, ग्रंथालयात जे नाही ते माझ्याकडे आहे. इतकी वर्षं वर्गात मागे बसणाऱ्या मला असं कधी वाटलं नव्हतं. मी मसुदा हेलनना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. "किया ओरा अश्विनी," असा इथला माओरी नमस्कार, आणि मग एवढं कौतुक की मी ते तीनदा वाचलं. शेवटी एक ओळ होती. या बाईंच्या संमतीचा फॉर्म जोडलेला दिसत नाही, त्यांच्या सहीशिवाय निबंध स्वीकारता येणार नाही.

मावशीची सही? मला खरंच धक्का बसला. मुलाखत घ्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे वर्गात सांगितलं होतं. मीही लिहून घेतलं होतं. पण मी मुलाखत कुठे घेतली होती? मावशी बोलत होती, भाची ऐकत होती. मावशी म्हणून हाक मारली, त्यातच सगळं आलं, असं मी मनात धरून बसले होते. ते तिला कधी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

"आपल्या माणसाची कधी सही घेतात का गं?" आई म्हणाली. "उद्या माझीही घेशील."

मी हसले. फॉर्म छापला, मसुद्याला टाचला आणि शुक्रवारी मावशीच्या हातात दिला. शनिवारी तिने तो परत केला. चार घड्या घातलेला, कोरा.

"नाही, आस्या."

"का, मावशी?"

"बोलले ते बोलले. कागदावर नाही."

त्या दिवशी ती पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आई मला खुणेने विचारत होती, काय झालं? काय झालं ते मला कुठे माहीत होतं! माहीत होतं ते एवढंच की जूनच्या सुरुवातीला निबंध द्यायचा आहे, मावशीला काढलं तर मागे चार पानं उरतात, चार पानांवर मी नापास होणार, आणि त्या पेपरशिवाय पुढच्या वर्षात जाता येत नाही. चाळीसगावला आईने फोनवर काय काय सांगून ठेवलं होतं, तेही मला माहीत होतं.

मी मसुदा पुन्हा वाचला, तिच्या डोळ्यांनी वाचायचा प्रयत्न करत. पानापानावर 'तस्करी' लिहिलं होतं. 'बनावट माल' लिहिलं होतं. पुस्तकांत ते शब्द होते म्हणून मी उचलले होते, ते भारदस्त वाटत होते. आमच्या घरात मी तो मसुदा मराठीत वाचून दाखवला. बाबा पंख्याचं काहीतरी उघडून बसले होते, ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बनावट माल विकणारे दुकानदार, म्हणजे मी का?"

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. खोटं नाही ते." त्यांनी स्क्रू तोंडातून काढून तळहातावर ठेवला. "पण विकलेला प्रत्येक डबा बिघडला की मी फुकट दुरुस्त करून द्यायचो. ते कुठे बसत असेल तर लिही."

मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर नको म्हणून मी पाणी प्यायला उठले. मग सगळे ते शब्द काढले. आणलं, विकलं, दुरुस्त केलं, असे साधे शब्द लिहिले. पुढच्या शुक्रवारी मावशीने तो नवा मसुदा उभ्या उभ्या वाचला.

"आता चांगलं आहे," ती म्हणाली.

"मग सही?"

"नाही."

रविवारी दहाच्या आधीच पाऊस आला. पट्टा थांबला. थांबलेल्या पट्ट्यावर फळं जागच्या जागी राहतात, आणि मला ते नेहमी विचित्र वाटतं, जणू कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं. मावशी शेडच्या कडेला लाकडी पॅलेटवर बसली होती. मी जाऊन शेजारी बसले आणि म्हटलं, "मी तुझं सगळं काढून टाकते, मावशी. हेलनना तसं लिहिते. तू पुन्हा आमच्या बाजूला उभी राहा." यात मोठेपणा काही नव्हता. तिचं गप्प राहणं मला सोसत नव्हतं, एवढंच.

पत्र्यावर एवढा आवाज होता की ती बोलायला लागली तेव्हा मला तिच्या जवळ सरकावं लागलं.

"रौशन नावाची बाई होती," ती म्हणाली. "भूगोल शिकवायची. तिचा वर्ग माझ्या वर्गाशेजारी. पहिल्यांदा जायचं तिनेच ठरवलं. चिनी भाषेत आकडे तिनेच शिकून घेतले. बुटांत कॅसेटी भरायचं डोकं तिचं. मी तुला सांगताना तिला गाळलं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"एकदा हिवाळ्यात परत येताना आमच्या सहा पिशव्या होत्या. तिच्या तीन, माझ्या तीन. सीमेवर एक मोठं दालन होतं, त्यात दोन रांगा. घरच्यापुरतं सामान आणलं तर कोणी बोलत नसे, पण सहा पिशव्या गेम म्हणजे घरचं सामान नव्हे. अधिकाऱ्याने विचारलं, या कुणाच्या? रौशन पुढे होती. मी तिच्या मागे, दोन पावलांवर. ती मागे वळायच्या आत मी शेजारच्या रांगेत गेले."

"ढकललं का कुणी?"

"नाही. धावले नाही, घाईसुद्धा केली नाही. बाजारात एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर जावं तशी गेले. मग तिने वळून पाहिलं. मी समोर बघत होते. ती म्हणाली, माझ्या. त्याने विचारलं, सहाही? ती म्हणाली, सहाही. त्याने कागद पुढे केला. तिने सही केली."

शाळेला पत्र गेलं. रौशनची नोकरी गेली. मावशी पुढे दोन वर्षं त्याच शाळेत शिकवत राहिली, आणि भिंतीपलीकडे भूगोल शिकवणारा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी येत राहिला.

"ती काही बोलली नाही?" मी विचारलं.

"बाजारात भेटायची. मोजे विकायची. मुलं कशी आहेत, विचारायची. वर्गातली मुलं. दर वेळी तेवढंच." मावशीने डोक्यावरची जाळी काढून हातात चुरगाळली. "मी इथे आले. पत्र लिहिलं नाही. ती आहे की नाही, मला माहीत नाही. आणि तू म्हणतेस, सही कर."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मग हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की निबंधात हे असायला हवं. ती माझ्यासमोर ती जाळी चुरगाळत बसली होती, आणि माझं डोकं परिच्छेद जुळवत होतं. सीमेवरच्या त्या दालनापेक्षा मला त्या क्षणी माझीच जास्त भीती वाटली. मी तिचा हात धरला, तो हातमोज्यातच होता, माझाही हातमोज्यातच. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.

घरी जाऊन मी हेलनना ईमेल लिहिला, की मी तो भाग मागे घेते आहे. पाठवला मात्र नाही. सोमवारी पाठवू, मंगळवारी पाठवू, असं करत शुक्रवार आला. स्मोकोला मावशी आमच्या टेबलावर येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. "तो फॉर्म दे."

फॉर्मवर एक ओळ असते. स्वतःचं नाव छापायचं नसेल तर कोणतं नाव वापरावं, ते तिथे लिहायचं. मावशीने तिथे आधी तिच्या लिपीत आणि मग इंग्रजीत लिहिलं, रौशन. खाली सही केली. तारीख घातली. शिक्षिकेचं अक्षर, सरळ आणि स्वच्छ.

"मावशी, पण ती गोष्ट तुझी आहे."

"माझं सगळं तिला दे. स्क्रूड्रायव्हर, डिकोडर, सगळं. तुझे बाबा हसले तेही दे."

"आणि रांगेचं?"

"तेही लिही. दुसऱ्या रांगेत गेली त्या बाईला नाव देऊ नकोस. तिला कशाला हवंय नाव?"

आईने मला विचारलं, झाली का सही? मी हो म्हटलं. आई म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, आपलं माणूस आहे." मावशीला मराठी कळत नाही याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

निबंध दिला. नाव बदललं आहे हे फॉर्मवरूनच हेलनना कळत होतं, कोणाचं कोणाला दिलं ते मी सांगितलं नाही. तो इतिहास खरा होता का? मला अजून ठरवता येत नाही. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती आणि तरी माणसं जागेवर नव्हती. मी पास झाले. चांगले गुण मिळाले. आईने चाळीसगावला फोन केला. आणि निबंधाच्या शेवटी हेलननी लिहिलं होतं, "रौशन विसरता येणार नाही. पण मला राहून राहून त्या दुसऱ्या बाईची आठवण येते. तिला कुणी विचारायला हवं होतं. ती भेटली असती तर काय म्हणाली असती?"

मी ते युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर वाचलं. माझ्या बाजूने मुलं जांदल, म्हणजे रबरी चपला, फटफटवत वर-खाली जात होती, आणि मला उठता येईना.

तोवर सीझन संपला होता, मावशी न्यू लिनला परत गेली होती. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोललो. ती टिप्पणी मी तिला वाचून दाखवली नाही. धीर झाला नाही.

परवा, नव्या सीझनच्या पहिल्या दिवशी, ती पुन्हा माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. थोडी वाकलेली दिसली. स्मोकोला मी म्हटलं, "मावशी, एक दाखवायचं आहे. दाखवू का? नको म्हणालीस तर नाही दाखवणार." तिने चष्मा लावला, माझा फोन हातात घेतला आणि ती टिप्पणी वाचली. पुन्हा वाचली.

"तुझी शिक्षिका चांगली आहे," ती म्हणाली. "तू काय उत्तर दिलंस?"

"काहीच नाही. तुला विचारल्याशिवाय कसं देणार?"

तिने चष्मा पुसला. "तुझी आई सुनीता म्हणत होती, तू तुमच्या भाषेत लिहितेस."

"थोडंफार."

"ती भाषा वाचणारे किती आहेत?"

"पुष्कळ आहेत, मावशी. माझं किती जण वाचतील, ते माहीत नाही."

"मग तिथे दे उत्तर," ती म्हणाली. "आणि या वेळी नावं ज्याची त्याला दे."

त्या दिवशी सीमेवरच्या दालनात दोन रांगा होत्या. डावीकडच्या रांगेत रौशन होती, सहा पिशव्यांपाशी. उजवीकडच्या रांगेत ल्युदमिला होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.